खाजणातलं गवत कोण राखतं?

सपेलो बेटाच्या खाजणात, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या दलदलीत, भरती चढू लागली की गवताच्या काड्यांवर एक हालचाल सुरू होते. चिखलात चरत असलेल्या गोगलगायी काडीला चिकटून वर सरकू लागतात. पाणी जितकं चढेल तितक्या त्या वर जातात, आणि ओहोटी लागली की पुन्हा खाली येतात. कोकणातल्या तिवरांच्या खोडांवरही याच गोतावळ्यातल्या गोगलगायी दिसतात, त्यामुळे खाडीकाठी वाढलेल्या माणसाला हे अगदी ओळखीचं वाटेल. त्या वर पळतात ते पाण्यातून येणाऱ्या शत्रूपासून. आपल्या चिंबोरीच्या कुळातला निळा खेकडा भरतीबरोबर गवतात शिरतो आणि हाती लागेल तो शंख फोडून खातो.

गवत, गोगलगाय आणि खेकडा यांच्यातलं हे नातं उलगडायला जवळपास 50 वर्षं लागली.

सपेलो हे अमेरिकेच्या जॉर्जिया राज्याच्या किनाऱ्यावरचं बेट. तिथे हिवाळ्यात गोठवणारी थंडी पडते, म्हणून खारफुटीची झाडं तग धरत नाहीत. त्यांची जागा घेते स्पार्टिना नावाचं गवत. खाडीच्या कडेला ते माणसापेक्षाही उंच वाढतं. दिवसातून दोनदा दोन ते तीन मीटर भरती येते, आणि गवताच्या मुळाशी असतो खारट, प्राणवायू जवळजवळ नसलेला चिखल. तिवर जसं पानांतून मीठ बाहेर टाकतं, तसंच हे गवतही टाकतं. तिवराची मुळं श्वासासाठी चिखलाबाहेर डोकं काढतात. स्पार्टिनाचं गवत मात्र पानांतली हवा आतल्या पोकळ्यांमधून थेट मुळांपर्यंत पोचवतं.

जॉर्जिया विद्यापीठाने 1953 मध्ये या बेटावर सागरी संशोधन संस्था सुरू केली. बेटाचा मोठा भाग तेव्हा तंबाखू उद्योगातल्या रेनॉल्ड्स घराण्याच्या वारसाकडे होता, आणि प्रयोगशाळा थाटली गेली ती जुन्या दूधदुभत्याच्या गोठ्यांच्या इमारतींत. या कामामागे परिसंस्थाशास्त्राचा पाया घालणाऱ्यांपैकी एक, यूजीन ओडम, होते. खाजण म्हणजे डासांची पैदास करणारी पडीक जमीन, भराव टाकून ‘उपयोगात’ आणायची, अशी समजूत तेव्हा सर्रास होती. मिठी नदीकाठच्या दलदलीचं काय झालं हे मुंबईकरांना सांगायला नको.

सपेलोवरच्या मंडळींनी या जमिनीचा हिशेब मांडायला घेतला. सूर्यप्रकाशातून गवत किती ऊर्जा साठवतं, त्यातली किती कोण खातं, उरलेली कुठे जाते? 1962 मध्ये जॉन टील यांनी हा ताळेबंद प्रसिद्ध केला. हिरवं गवत खाणारे नाकतोडे आणि इतर कीटक त्यातला अगदी थोडा वाटा उचलत होते. बहुतेक गवत वाळून, कुजून जिवाणू आणि बुरशीचं अन्न होत होतं. खाजणातल्या जीवांनी खाण्याआधीच उत्पादनाचा 45 टक्के हिस्सा भरतीओहोटीचं पाणी खाडीत ओढून नेतं, असं त्यांचं गणित सांगत होतं. म्हणजे बाहेरची मासळी खाजणावर पोसली जाते. ओडम यांनी हीच कल्पना पुढे जोरकसपणे मांडली.

पुढे तिला मुरड पडली. ऱ्होड आयलंड विद्यापीठाच्या स्कॉट निक्सन यांनी 1980 मध्ये तोवरची मोजमापं एकत्र तपासली. प्रत्येक खाजण असं उदारहस्ते देत नाही, काही तर उलट खाडीकडूनच घेतात, हे त्यांनी दाखवलं. मला हा टप्पा फार महत्त्वाचा वाटतो. मोठ्या नावाची आवडती कल्पना होती, तरी मोजमापांपुढे ती बदलावी लागली.

दुसरी समजूत मात्र टिकून होती: हिरव्या गवताला खाणारं जवळपास कुणी नाही, तेव्हा त्याची वाढ माती, मीठ आणि पाणीच ठरवतात. गोगलगायी तर फक्त वाळलेला पालापाचोळा खरवडतात.

ब्राऊन विद्यापीठाचे ब्रायन सिलिमन आणि मार्क बर्टनेस यांनी सपेलोवर गवताच्या तुकड्यांभोवती जाळीचे पिंजरे लावले. काही पिंजऱ्यांत गोगलगायी ठेवल्याच नाहीत, काहींत मध्यम संख्येने ठेवल्या, काहींत दाट. 2002 मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला. गोगलगायी दाट झाल्या तिथे आठ महिन्यांत गवत संपून उघडा चिखल उरला. म्हणजे त्यांची संख्या आवाक्यात ठेवणारा खेकडाच अप्रत्यक्षपणे गवत राखत होता. खेकड्यांची बेसुमार पकड झाली तर खाजणही धोक्यात येईल, ही शक्यता त्यातूनच पुढे आली.

गोगलगाय गवत कशी मारते, हे तर त्याहून विलक्षण आहे. ती हिरवं पान फारसं खातच नाही. जिभेवरच्या बारीक दातांनी पानावर लांब चरे पाडते आणि त्या जखमांवर आपली विष्ठा टाकत जाते. विष्ठेत बुरशीचे धागे असतात, खतही असतं. जखमेत बुरशी फोफावते आणि गोगलगाय ती खाते. नांगरट, पेरणी, खत, कापणी, सगळं एका पानावर! सिलिमन यांनी सपेलोवरचे बुरशीतज्ज्ञ स्टीव्हन न्यूएल यांच्यासह 2003 मध्ये हे दाखवून दिलं. पिकते ती बुरशी, मरतं ते गवत.

त्याच सुमारास अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावरचं गवत तीव्र दुष्काळात मोठ्या पट्ट्यांनी वाळत होतं. पाऊस घटला की नद्यांचं गोडं पाणी कमी येतं आणि चिखलातलं मीठ वाढतं. तीन राज्यांत संशोधकांनी पाहिलेल्या 12 ठिकाणांपैकी 11 ठिकाणी मेलेल्या गवताच्या कडेने गोगलगायींची दाट फळी आढळली. दुष्काळाने आधी गवत दुबळं केलं, मग ही फळी धडधाकट गवतात पुढे सरकत गेली.

अशा उजाड पट्ट्यांतही काही बेटं हिरवी राहिली. तिथे गवताच्या मुळाशी शिंपल्यांचे ढीग होते, गोव्यात ज्यांना शिणाणे म्हणतात त्यांच्या कुळातल्या शिंपल्यांचे. त्या ढिगांत ओल टिकते, मिठाचा ताण कमी होतो. फ्लोरिडा विद्यापीठाच्या क्रिस्टीन अँजेलिनी आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये दाखवलं की दुष्काळात या ढिगांवरचं गवत तगून राहण्याची शक्यता कितीतरी पटींनी जास्त असते. आणि पाऊस परतल्यावर मेलेल्या खाजणात गवत पुन्हा पसरत जातं ते याच हिरव्या ठिपक्यांपासून.