वॉर्डलाही गुण द्यायला हवेत

नर्सिंगच्या मुलीला गुण द्यायला ट्युटर असते, इनचार्ज सिस्टर असते, शेवटी परीक्षक असतात. ती ज्या वॉर्डात शिकते, त्या वॉर्डला गुण कोण देतं?

नाशिकमध्ये हा प्रश्न अगदी दारातला आहे. बी.एस्सी. नर्सिंगची परीक्षा घेणारं आरोग्य विज्ञान विद्यापीठ म्हसरूळला आहे, पण हा अभ्यासक्रम खाटेपाशी शिकावा लागतो. पोस्टिंगला, म्हणजे वॉर्डात शिकायला आलेल्या मुलीने दिवसभर टीपीआर (ताप, नाडी, श्वास), बीपी घेतलं, चादरी बदलल्या, सॅम्पल लॅबला पोचवलं, तरी लॉगबुकवर, म्हणजे केलेल्या कामाच्या नोंदवहीवर, सही मिळते. कॅन्युला (सलाइनसाठी शिरेत बसवायची नळी) कसा लावतात हे तिने लांबूनच पाहिलेलं असतं. दुसऱ्या वॉर्डात एखादी सिस्टर तिला शेजारी उभं करते: "शीर चाचपून बघ, दाबली की परत उसळते ना? तीच घे. रक्त दिसलं की कोन कमी कर, जरा पुढे जा, मग सुई तिथेच धरून नुसती नळी सरकव." लॉगबुकात मात्र दोन्ही मुलींना सही सारखीच मिळते.

हा फरक मोजण्यासाठी फिनलंडच्या मिक्को सारिकोस्की यांनी 2002 मध्ये एक प्रश्नावली मांडली आणि 2008 मध्ये तिच्यात शिक्षकांच्या भूमिकेची भर घातली. तिच्यात 34 विधानं आहेत आणि प्रत्येकाला 1 ते 5 गुण द्यायचे असतात. वॉर्डातलं शिकण्याचं वातावरण, इनचार्जची कामाची पद्धत, रुग्णसेवेचा दर्जा, कॉलेजच्या शिक्षिकेचा सहभाग हे सगळं त्यात येतं. सर्वांत वजनदार भाग मात्र देखरेख करणाऱ्या सिस्टरशी असलेल्या नात्याचा.

युरोपातल्या नऊ देशांत 1903 विद्यार्थ्यांना हे प्रश्न विचारले गेले. ज्यांचं पोस्टिंग किमान सात आठवड्यांचं होतं आणि ज्यांना स्वतःची ठरलेली मार्गदर्शक होती, ते सर्वांत समाधानी निघाले. "आज जी ड्युटीवर असेल तिला विचार" या आपल्याकडच्या रिवाजाला हा निष्कर्ष चांगलाच झोंबणारा आहे. अर्थात, एकाच वॉर्डात रुग्ण भरमसाट आणि सिस्टर मोजक्या असताना ठरलेली मार्गदर्शक आणायची कुठून, हाही प्रश्न खराच.

फॉर्म भरून घेताना एक पथ्य पाळावंच लागतं. नाव लिहायचं नाही, आणि कागद इनचार्जच्या हाती जाता कामा नये. नाहीतर इंटर्नल मार्कांच्या धास्तीने सगळीकडे 5 पडतील.

शिवाय या आकड्यांतून कळतो तो मुलींचा अनुभव, त्यांचं कसब नाही. सिस्टर प्रेमळ असेल तर गुण भरघोस पडतात, मग राइल्स ट्यूब (नाकातून पोटात घालायची नळी) एकदाही हातात आलेली नसली तरी. कसबाची परीक्षा वेगळी: 1975 मध्ये रोनाल्ड हार्डन यांनी स्कॉटलंडमधल्या डंडीत मांडलेली ऑस्की, जिच्यात विद्यार्थी एकेका टेबलावर नेमून दिलेलं काम परीक्षकासमोर करून दाखवतो. वॉर्डचे गुण आणि ऑस्कीचे गुण शेजारी ठेवले, तर कुठल्या वॉर्डात नुसती गोडी आहे आणि कुठे मुली खरंच तयार होतात, ते कळू लागेल.