यूजीसी-डीएई कन्सोर्टियम फॉर सायंटिफिक रिसर्च

विद्यापीठांतील संशोधकांना अणुऊर्जा विभागाच्या (डीएई) मोठ्या संशोधन सुविधा वापरता याव्यात यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) स्थापन केलेली स्वायत्त संस्था. तिचे मुख्यालय इंदूर येथे खंडवा रोडवरील विद्यापीठ परिसरात असून मुंबई व कोलकाता येथे केंद्रे आणि कल्पाक्कम येथे एक शाखा आहे. १९८९ च्या सुमारास ती अणुऊर्जा विभागाच्या सुविधांसाठीचे आंतरविद्यापीठीय कन्सोर्टियम म्हणून सुरू झाली. सध्याचे नाव तिला पुढे मिळाले. घनपदार्थांचे भौतिकशास्त्र, ऊर्जेशी निगडित पदार्थ, किरणोत्साराचे परिणाम आणि पर्यावरणातील सूक्ष्म मूलद्रव्यांचे विश्लेषण ही तिची प्रमुख कार्यक्षेत्रे होत.

स्वातंत्र्योत्तर भारतात संशोधनाची महागडी साधने प्रामुख्याने राष्ट्रीय प्रयोगशाळांत उभी राहिली, तर विद्यार्थ्यांचा मोठा वर्ग विद्यापीठांत राहिला. अणुभट्टी किंवा त्वरक (विद्युतभारित कणांना प्रचंड वेग देणारे यंत्र) उभारणे एका विद्यापीठाच्या आवाक्याबाहेरचे असल्याने ही दरी आपोआप बुजणारी नव्हती. त्यावर उपाय म्हणून अनुदान आयोगाने आंतरविद्यापीठीय केंद्रांची कल्पना राबवली. दिल्लीचे न्यूक्लिअर सायन्स सेंटर हे अशा केंद्रांपैकी पहिले. पुण्याची, जयंत नारळीकर यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिलेली खगोलशास्त्राची ‘आयुका’ १९८८ मधली. यशपाल १९८६ ते १९९१ या काळात आयोगाचे अध्यक्ष होते आणि या विचाराला त्यांचा भक्कम पाठिंबा होता. मात्र प्रस्तुत संस्था या दोन्ही केंद्रांहून एका बाबतीत वेगळी आहे. तिने न्यूट्रॉन, क्ष-किरण किंवा वेगवान कण पुरवणारा स्वतःचा मोठा स्रोत न उभारता दुसऱ्या विभागाच्या चालू स्रोतांशी विद्यापीठांना जोडले, आणि त्या स्रोतांभोवती लागणारी मापनयंत्रे स्वतः बांधली.

असे स्रोत मुख्यतः तीन ठिकाणी आहेत. मुंबईतील तुर्भे (ट्रॉम्बे) येथील ध्रुव ही १०० मेगावॉट क्षमतेची संशोधन अणुभट्टी ऑगस्ट १९८५ मध्ये क्रांतिक झाली, म्हणजे तिच्यात स्वयंपोषित शृंखला अभिक्रिया सुरू झाली. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातील इंडस-१ (४५० मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट, १९९९ पासून) आणि इंडस-२ (२.५ गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट, परीघ सुमारे १७२.५ मीटर) ही भारतातील सिंक्रोट्रॉन प्रारणाची साठवण वलये आहेत; त्यांत वेगाने फिरत ठेवलेले इलेक्ट्रॉन वळताना जे तीव्र प्रारण सोडतात ते सिंक्रोट्रॉन प्रारण. कोलकात्याच्या व्हेरिएबल एनर्जी सायक्लोट्रॉन सेंटरमधील सायक्लोट्रॉन (कणांना सर्पिल मार्गाने वेग देणारा त्वरक) १९७७ पासून कार्यरत आहे.

विद्यापीठातील अध्यापक आपला प्रस्ताव पाठवतो, त्याची छाननी होते आणि गुणवत्तेनुसार मापनासाठी वेळ दिला जातो. सहयोगी संशोधन योजनेत अध्यापकाबरोबर संस्थेतील एक शास्त्रज्ञ जोडीदार असतो आणि विद्यार्थ्याच्या शिष्यवृत्तीचा व प्रवासाचा खर्चही भागवला जातो. या जोडीदारीचे महत्त्व नियमावली वाचून पुरेसे कळत नाही. न्यूट्रॉन विवर्तनाची (स्फटिकातून न्यूट्रॉन ठरावीक दिशांना विखुरण्याची) आकडेवारी हातात पडणे वेगळे आणि तिच्यातून स्फटिकाची रचना उलगडणे वेगळे. दुसरे काम शिकवणारा माणूस यंत्राशेजारी असणे, हीच या व्यवस्थेची खरी ताकद आहे.

मुंबई केंद्र भाभा अणुसंशोधन केंद्राच्या आवारात आहे. ध्रुव अणुभट्टीच्या न्यूट्रॉनशलाकेवर या केंद्राने बांधलेला चूर्ण-विवर्तनमापी (चूर्णरूप नमुन्याचे विवर्तन मोजणारे यंत्र) १.४८ अँगस्ट्रॉम तरंगलांबीचे न्यूट्रॉन वापरतो. क्ष-किरण अणूतील इलेक्ट्रॉनांवरून विखुरतात, त्यामुळे जड अणूंच्या शेजारी बसलेला लिथियम किंवा ऑक्सिजन त्यांना अंधुक दिसतो. न्यूट्रॉन अणुकेंद्रावरून विखुरतात आणि त्यांना स्वतःचे चुंबकीय आघूर्णही असते (ते सूक्ष्म चुंबकासारखे वागतात), म्हणून हलके अणू कुठे बसले आहेत आणि अणूंची चुंबकीय आघूर्णे कोणत्या क्रमाने मांडलेली आहेत हे दोन्ही त्यांच्या साहाय्याने कळते. बॅटरीतील धनाग्र-पदार्थ किंवा हायड्रोजन साठवणारी संयुगे तपासताना हा फरक निर्णायक ठरतो. हायड्रोजनच्या बाबतीत एक अडचण असते: साधा हायड्रोजन न्यूट्रॉनांना विसंगत रीतीने विखुरतो आणि आलेखाची पार्श्वभूमी वाढवतो, म्हणून नमुन्यात बहुधा त्याऐवजी ड्यूटेरियम (हायड्रोजनचा जड समस्थानिक) वापरावा लागतो.

इंदूर येथे इंडस वलयांवर संस्थेच्या शलाकारेषा (वलयातील प्रारण प्रयोगाच्या जागी आणणारे मार्ग) आहेत. मृदू क्ष-किरणांच्या शोषणावरून मँगनीज, कोबाल्ट, निकेल यांसारख्या धातूंची पदार्थातील संयुजा समजते, आणि प्रकाशइलेक्ट्रॉन वर्णपटावरून इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापातळ्यांची मांडणी कळते.

याच परिसरात द्रव हेलियमची (४.२ केल्विन) सोय आणि त्याला जोडून अति-नीच तापमान व उच्च चुंबकीय क्षेत्रातील मापनांची व्यवस्था आहे. संस्थेच्या कार्यातील सर्वांत मौलिक भाग येथे घडला, असे म्हणता येईल. प्रवीण चढ्ढा, आलोक बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मँगनाइट वर्गातील (मँगनीजयुक्त) ऑक्साइडांमध्ये दाखवून दिले की, प्रथम श्रेणीचे चुंबकीय संक्रमण (पाणी गोठते तसा एका चुंबकीय अवस्थेतून दुसरीत होणारा एकाएकी बदल) थंड होताना अर्ध्यावर गोठू शकते. उच्च तापमानाची अवस्था मग नीच तापमानालाही टिकून राहते, जरी ती तिथे समतोलातील अवस्था नसते. द्रव वितळबिंदूखाली जाऊनही स्फटिक न होता काच बनतो, त्याच धर्तीवर या स्थितीला चुंबकीय काच म्हटले गेले. ती ओळखण्याची त्यांची पद्धत साधी पण अचूक आहे. नमुना एका चुंबकीय क्षेत्रात थंड करायचा आणि त्याहून वेगळ्या क्षेत्रात तापवायचा. थंड करतानाचे क्षेत्र तापवतानाच्या क्षेत्राहून मोठे की लहान, यानुसार एका बाजूला एकच तीव्र बदल दिसतो, तर दुसऱ्या बाजूला गोठलेली अवस्था आधी सुटते आणि नंतर पुन्हा परततेही. त्यामुळे दोन बदल दिसतात. एकाच नमुन्यातील दोन अवस्थांचे हे सहअस्तित्व समतोलातले आहे की गोठल्यामुळे उरलेले, या प्रश्नाचे उत्तर त्यातून मिळते.

कोलकाता केंद्राचा कल निराळा आहे. तेथे अणुकेंद्रीय वर्णपटमापनाबरोबरच गॅमा प्रारणाचा पदार्थांवरील व सजीवांवरील परिणाम अभ्यासला जातो. ऊर्जा-विभाजी क्ष-किरण प्रतिदीप्ती या तंत्राने (नमुन्यातून उलट येणाऱ्या क्ष-किरणांच्या ऊर्जेवरून मूलद्रव्य ओळखून) माती, गाळ, वनस्पती यांतील सूक्ष्म मूलद्रव्ये मोजली जातात. या पद्धतीत नमुना विरघळवावा लागत नाही आणि एकाच मापनात अनेक मूलद्रव्यांची नोंद मिळते, त्यामुळे प्रदूषणाच्या अभ्यासात, जिथे शेकडो नमुने तुलनेसाठी घ्यावे लागतात, ती विशेष उपयोगी पडते. वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र विभागांतील संशोधकही या केंद्राकडे येतात ते यामुळेच. कल्पाक्कमची शाखा इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्राच्या सान्निध्यात असून तेथील सुविधांपर्यंत विद्यापीठांना पोहोचवते.

या व्यवस्थेची मर्यादा तिच्या रचनेतच आहे. अणुभट्टीचे आणि साठवण वलयांचे वेळापत्रक त्या-त्या यजमान केंद्राच्या हाती असते, दुरुस्तीसाठी स्रोत थांबला की सर्वांचीच मापने थांबतात, आणि अणुऊर्जा केंद्रांच्या आवारात प्रवेशासाठी सुरक्षा परवानगी आधी मिळवावी लागते. म्हणून विद्यापीठातील संशोधकाने नमुन्याची शुद्धता आणि एककलाता (त्यात एकच स्फटिकी कला असणे) आपल्या प्रयोगशाळेतील साध्या क्ष-किरण विवर्तनाने तपासून, न्यूट्रॉन विवर्तनासाठी काही ग्रॅम चूर्ण तयार ठेवूनच शलाकेच्या वेळेची मागणी करणे अपेक्षित असते.