सेलेनियम ग्रिड कुबरनेटिसवर कशी आली : पार्श्वभूमी

सेलेनियम ग्रिड म्हणजे ब्राउझरच्या स्वयंचलित टेस्ट अनेक मशिनवर वाटून चालवणारी यंत्रणा. कुबरनेटिस म्हणजे कंटेनर, म्हणजे लागेल त्या सगळ्यासकट बंदिस्त केलेले प्रोग्रॅम, मशिनच्या समूहावर (क्लस्टरवर) चालवणारी यंत्रणा. कुबरनेटिसवर सेलेनियम ग्रिड चालवणाऱ्या टीमकडे गेलात तर तक्रारी साधारण सारख्याच ऐकू येतात. टेस्ट निम्म्यात असताना पॉड, म्हणजे कुबरनेटिसचं कंटेनर चालवायचं सर्वांत लहान एकक, गायब होतो. क्रोमचा टॅब अचानक कोसळतो. रांगेत सेशन (टेस्टची एकेका ब्राउझरशी सलग बैठक) खोळंबलेली असतात आणि नवा पॉड काही उभा राहत नाही. मग अशा टेस्टवर 'फ्लेकी', म्हणजे कधी पास कधी नापास होणारी, असा शिक्का बसतो आणि दोष टेस्ट लिहिणाऱ्याच्या माथी येतो. मला हे अन्यायाचं वाटतं, कारण यातल्या बऱ्याच दुखण्यांचं मूळ टेस्टच्या कोडमध्ये नसतंच. वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या गरजांपोटी घडलेली दोन तंत्रं इथे एका घरात नांदतायत. ब्राउझर टेस्टला पहिल्या क्लिकपासून शेवटच्या क्लिकपर्यंत तोच ब्राउझर लागतो. कुबरनेटिस मात्र एक पॉड गेला तर दुसरा आणू, दोघांत फरक काय, या समजुतीवर उभं आहे.

सुरुवात कंटेनरच्या खूप आधीची. २००४ मध्ये शिकागोत थॉटवर्क्स कंपनीत जेसन हगिन्स कामाचे तास आणि खर्च नोंदवायच्या एका अंतर्गत वेब अ‍ॅप्लिकेशनवर काम करत होते. प्रत्येक बदलानंतर तीच पानं हाताने तपासत बसण्यापेक्षा त्यांनी जावास्क्रिप्टमध्ये एक टेस्ट रनर लिहिला. तो पानातच शिरून क्लिक करायचा, फॉर्म भरायचा. पण ब्राउझरचा 'सेम ओरिजिन' नियम आडवा येई. एका डोमेनवरून आलेल्या स्क्रिप्टला दुसऱ्या डोमेनच्या पानात हात घालता येत नाही, त्यामुळे टेस्टच्या फायली तपासायच्या सर्व्हरवरच ठेवाव्या लागत. त्यावर तोड म्हणून सेलेनियम रिमोट कंट्रोल आलं. मध्ये एक प्रॉक्सी (मध्यस्थ सर्व्हर) बसवून ब्राउझरला सगळं एकाच ठिकाणाहून येतंय असं भासवायचं, आणि जावा, रुबी, पायथनसारख्या भाषेतून लांबून हुकूम सोडायचे. टेस्ट एका मशिनवर आणि ब्राउझर दुसऱ्यावर, ही फारकत तेव्हापासूनची.

थॉटवर्क्समध्येच सायमन स्ट्युअर्ट यांनी वेगळी वाट धरली. पानात जावास्क्रिप्ट घुसवण्याऐवजी ब्राउझरला बाहेरून, त्याच्या स्वतःच्या यंत्रणेतून चालवायचं. तो वेबड्रायव्हर. २००९ मध्ये दोन्ही प्रकल्प एकत्र आणायचं ठरलं आणि जुलै २०११ मध्ये सेलेनियम २ बाहेर आलं. पुढे ५ जून २०१८ रोजी वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने वेबड्रायव्हरला प्रमाण म्हणून मान्यता दिली. ड्रायव्हर, म्हणजे टेस्टचे हुकूम ब्राउझरपर्यंत पोचवणारा प्रोग्रॅम, सांभाळायची जबाबदारी आता ब्राउझर बनवणाऱ्यांकडे आहे.

क्लस्टरवरची भानगड समजायला वेबड्रायव्हरचं संभाषण जरा जवळून बघावं लागतं. टेस्ट आधी एक पोस्ट विनंती पाठवते : क्रोम हवा, लिनक्सवरचा हवा. उत्तरात एक लांबलचक सेशन आयडी येतो. त्यानंतरचा प्रत्येक हुकूम म्हणजे स्वतंत्र एचटीटीपी विनंती. हे पान उघड, हे बटण शोध, त्यावर क्लिक कर. आणि प्रत्येकीच्या पत्त्यात तोच आयडी. त्या आयडीमागे कुठल्या तरी एका मशिनवर एक जिवंत प्रोसेस असते. तिच्या मेमरीत कुकीज असतात, झालेलं लॉगिन असतं, अर्धवट भरलेला फॉर्म असतो. ती प्रोसेस मेली की आयडीला काही अर्थ उरत नाही, दुसरं कुठलंही मशिन ते सेशन पुढे नेऊ शकत नाही. वरून साध्या वेब सर्व्हिससारखं दिसणारं हे प्रकरण आतून फार वेगळं आहे, आणि मोठ्या क्लस्टरचा नकाशा काढताना नेमका याचाच विसर पडतो.

शेकडो टेस्ट एकामागून एक चालवायच्या तर रात्र संपायची. म्हणून २००८ मध्ये थॉटवर्क्समधल्याच फिलिप हानरिगू यांनी सेलेनियम ग्रिड केली. मध्ये एक हब, त्याला जोडलेले नोड. टेस्ट हबशी बोलणार, हब मोकळा नोड बघून काम देणार. हबचा ४४४४ हा पोर्ट आजही बदललेला नाही. त्या काळचे नोड म्हणजे बहुतेक ठिकाणी ऑफिसच्या कोपऱ्यातले जुने पीसी किंवा एखाद्या सर्व्हरवरची व्हर्च्युअल मशिन्स. इंटरनेट एक्सप्लोरर तर विंडो फोकसमध्ये असल्याशिवाय नीट वागत नसे, त्यामुळे एका मशिनवर एकच सेशन ठेवणं शहाणपणाचं ठरे. कोणी रिमोट डेस्कटॉपवरून लॉगिन करून तसंच बाहेर पडलं की स्क्रीन लॉक व्हायचा आणि रात्रीचा अख्खा रन लाल. ज्यांनी हे नोड सांभाळलेत त्यांच्या कष्टांची नोंद कुठल्या रिलीज नोटमध्ये नाही, पण आज ज्याला आपण ऑटोमेशन म्हणतो ते त्यांच्या पाठीवर उभं राहिलं.

या ग्रिडमध्ये एक गोष्ट गृहीत होती. ती ऑफिसच्या अंतर्गत नेटवर्कमध्येच राहणार, म्हणून पासवर्ड-बिसवर्ड काही विचारलं जात नव्हतं. याचा हिशेब खूप उशिरा चुकता करावा लागला. जुलै २०२४ मध्ये विझ या सुरक्षा कंपनीने दाखवून दिलं की इंटरनेटवर उघड्या पडलेल्या सेलेनियम ग्रिडमध्ये शिरून हल्लेखोर क्रिप्टो मायनिंग करतायत. क्लाउडवरच्या क्लस्टरमध्ये सर्व्हिसचा (पॉडपर्यंत पोचायच्या कायमच्या पत्त्याचा) प्रकार 'लोड बॅलन्सर' असा लिहिला की एका ओळीत ती जगाला खुली होते. २००८ ची समजूत तशीच क्लाउडवर आणली तर काय होतं, याचं याहून स्पष्ट उदाहरण नाही.

मशिन्स सांभाळायचा त्रास नको म्हणणाऱ्यांसाठी भाड्याने ब्राउझर देणाऱ्या कंपन्या आल्या. हगिन्स हे २००८ मध्ये स्थापन झालेल्या सॉस लॅब्सच्या संस्थापकांपैकी एक. २०११ मध्ये आयआयटी मुंबईतून शिकलेल्या रितेश अरोरा आणि नकुल अग्रवाल यांनी मुंबईत ब्राउझरस्टॅक सुरू केलं. ब्राउझर टेस्टिंगच्या जगभरच्या इतिहासात मुंबईचं नाव येतं ते इथे, आणि ते किरकोळ नाही.

मार्च २०१३ मध्ये सॉलोमन हाइक्स यांनी पायकॉन या पायथन भाषेच्या परिषदेत डॉकर हे कंटेनर बनवायचं आणि चालवायचं साधन दाखवलं. टेस्टवाल्यांना त्याचं मोल लवकर कळलं. प्रत्येक टेस्टला कोराकरकरीत ब्राउझर, आधीच्या टेस्टचा कुकीचा कचरा नाही, व्हर्जन ठरलेलं. सेलेनियम प्रकल्पाने स्वतःच्या डॉकर इमेज (कंटेनरचे तयार साचे) काढल्या. त्यांच्या आत ड्रायव्हर आणि ब्राउझरच्या जोडीला एक्सव्हीएफबी असतं. हा एक्स विंडो प्रणालीतला जुना आभासी पडदा : मॉनिटर नसलेल्या सर्व्हरवर ब्राउझरला वाटतं की आपण खऱ्या स्क्रीनवर उमटतोय. २०१७ मध्ये क्रोम ५९ मध्ये हेडलेस मोड (पडद्याशिवाय चालायची सोय) आल्यावर या पडद्याची सक्ती उरली नाही, पण चालू टेस्ट डोळ्यांनी बघायची किंवा तिचा व्हिडिओ घ्यायचा तर अजूनही तो कामी येतो.

कंटेनर मुळात सर्व्हरच्या प्रोग्रॅमसाठी बेतलेले, ब्राउझर हा डेस्कटॉपचा प्राणी. पहिली ठिणगी उडाली ती शेअर्ड मेमरीवरून. क्रोमच्या वेगवेगळ्या प्रोसेस आपसात चित्रांचा आणि पानांचा डेटा शेअर्ड मेमरीतून देतात-घेतात. डॉकर कंटेनरला ती देतो फक्त ६४ एमबी. साध्या लॉगिन पानाला एवढी पुरते, पण नकाशे, आलेख, लांब तक्ते असलेलं पान उघडलं की ती भरते आणि टॅब जागीच मरतो. टेस्टच्या लॉगमध्ये 'टॅब क्रॅश्ड' एवढाच निरोप येतो, मेमरीचं नावही नाही. त्यामुळे माणसं दिवस दिवस टेस्टमध्ये चूक शोधत बसतात. डॉकरमध्ये कंटेनर सुरू करताना ही मर्यादा वाढवता येते, सहसा २ जीबी ठेवतात. कुबरनेटिसच्या पॉडच्या वर्णनात मात्र तसा थेट पर्याय नव्हता, म्हणून मेमरीवर आधारलेला रिकामा व्हॉल्यूम (पॉडला जोडलेली साठवणीची जागा) त्या जागी बसवायची युक्ती रूढ झाली. ती मेमरी पॉडच्या एकूण मर्यादेतच मोजली जाते, हे ध्यानात न घेता मर्यादा घट्ट ठेवली की टॅबऐवजी अख्खा कंटेनर मारला जातो.

दुसरी ठिणगी सँडबॉक्सची. क्रोम प्रत्येक पान कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, नेमस्पेस या प्रोसेस वेगळ्या ठेवायच्या सोयीचा आधार घेऊन कोंडून ठेवतो. कंटेनरमध्ये ते करायची परवानगी सहसा नसते, म्हणून 'नो सँडबॉक्स' हा पर्याय सर्रास दिला जाऊ लागला. आपलीच, आपल्या ओळखीची पानं तपासताना हे चालून जातं. पण ज्या क्लस्टरवर इतरांचीही कामं चालतात तिथे बाहेरच्या साइट अशा ब्राउझरमध्ये उघडणं मला धोक्याचं वाटतं, आणि कॉपी-पेस्टमधून हा पर्याय जितका पसरलाय तितका विचार त्यामागे झालेला नाही.

गुगलने कुबरनेटिस जून २०१४ मध्ये जाहीर केलं, २१ जुलै २०१५ ला त्याचं १.० आलं. त्यामागे गुगलच्या बोर्ग या अंतर्गत यंत्रणेचा अनुभव होता. प्रकल्पाच्या नमुन्यांमध्ये सेलेनियमचाही एक नमुना होता : एक हब, त्यासमोर सर्व्हिस, आणि क्रोम-फायरफॉक्सचे नोड हव्या तितक्या प्रतींमध्ये. कागदावर सगळं सुटलेलं होतं. प्रत्यक्षात प्रतींची संख्या हाताने ठरवावी लागे. जास्त ठेवल्या तर रात्रभर रिकाम्या नोडचं बिल, कमी ठेवल्या तर रांग.

कुबरनेटिसचा आपोआप प्रती वाढवणारा ऑटोस्केलर इथे उपयोगी पडला नाही, आणि त्याचं कारण मुळातलं आहे. तो प्रामुख्याने सीपीयूचा वापर बघतो. खोळंबलेलं सेशन सीपीयू खात नाही, ते नुसतं थांबलेलं असतं. एसटीच्या थांब्यावर माणसं ताटकळत असताना गाडीचं इंजिन किती तापलंय त्यावरून जादा गाडी सोडायची की नाही हे ठरवावं, तसला हा प्रकार. मोजायला हवी होती रांग, आणि ती जुन्या ग्रिडमध्ये हबच्या पोटात दडलेली.

वाट काढणारे बाहेरून आले. बर्लिनच्या झालांडो या कपडे विकणाऱ्या कंपनीत दिएगो मोलिना आणि लिओ गाय्युची यांनी झालेनियम केलं. विनंती आली की कंटेनर उभा करायचा, टेस्ट चालवायची, व्हिडिओ ठेवायचा, कंटेनर मोडायचा. आपल्याकडे नसलेला ब्राउझर मागितला तर विनंती सॉस लॅब्स किंवा ब्राउझरस्टॅककडे पुढे सरकवायची. एरोकूबने गो भाषेत सेलेनॉइड लिहिलं, तेही सेशनगणिक एक कंटेनर या तत्त्वावर. पुढे झालेनियम थांबलं आणि मोलिना सेलेनियमच्याच मुख्य कामात आले. त्यातला धडा ग्रिडमध्ये उतरला, असं मी मानतो.

१३ ऑक्टोबर २०२१ ला सेलेनियम ४ आलं तेव्हा ग्रिड नव्याने लिहिलेली होती. एकसंध हबचे तुकडे झाले : विनंती घेणारा राउटर, नोड वाटणारा डिस्ट्रिब्युटर, कुठलं सेशन कुठल्या नोडवर आहे याची वही ठेवणारा सेशन मॅप, नव्या सेशनची रांग आणि या सगळ्यांना जोडणारी इव्हेंट बस. रांग वेगळी झाली आणि ग्राफक्यूएल या माहिती विचारायच्या भाषेतून बाहेरून वाचता येऊ लागली, हा माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठा बदल. त्याच वर्षी केडा या ऑटोस्केलरमध्ये सेलेनियम ग्रिडची रांग वाचणारा भाग आला. तो सांभाळणाऱ्यांत व्होल्वो कार्सचं नाव आहे. आता रांगेत क्रोमची पाच सेशन असतील तर क्रोमचे पाच पॉड, रांग रिकामी असेल तर शून्य.

वाढवणं जमलं, कमी करणं अवघडच राहिलं. प्रती घटवताना कुठला पॉड काढायचा हे कुबरनेटिस ठरवतं, आणि कुठल्या पॉडमध्ये टेस्ट रंगात आलीय हे त्याला ठाऊक नसतं. पॉडला निरोप मिळतो, आवरायला ३० सेकंद मिळतात, मग तो मारला जातो. पेमेंटच्या पायरीवर असलेली टेस्ट ३० सेकंदांत कशी संपणार? म्हणून पॉड थांबण्याआधी नोडला 'ड्रेन' सांगायची पद्धत आली : नवं सेशन घेऊ नको, हातातलं पुरं कर, मग जा. सोबत ती ३० सेकंदांची मुदत बरीच वाढवायची. त्याहून नेटकी रीत म्हणजे प्रत्येक सेशनसाठी स्वतंत्र जॉब. नोड एक सेशन चालवतो आणि आपण होऊन संपतो, कोणाला मारायचं हा प्रश्नच येत नाही. प्रत्येक वेळी नवा पॉड उभा राहायची काही सेकंदं मोजावी लागतात, पण मी तरी हाच मार्ग सुचवेन.

मधल्या काळात बाजारही बदलला. मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ ला इंटरनेट एक्सप्लोरर ११ निवृत्त केला. एज लिनक्सवर आला. विंडोजचे नोड ठेवायचं मुख्य कारणच गेलं, आणि लिनक्स कंटेनरमध्ये बहुतेक टीमची गरज भागू लागली. सफारी तेवढा बाहेर राहिला. त्याला मॅकओएस लागतं आणि मॅकओएसला अ‍ॅपलचं हार्डवेअर, त्यामुळे तिथे अजूनही भाड्याची सेवा किंवा स्वतःचे मॅक.

जानेवारी २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टचं प्लेराइट आलं आणि त्याने ग्रिडची गरजच बाजूला सारली. टेस्ट आणि ब्राउझर पुन्हा एकाच कंटेनरमध्ये, टेस्टचे भाग पाडून प्रत्येक भाग वेगळ्या पॉडमध्ये. नेटवर्कवरून सेशन सांभाळायचं ओझं उतरतं. बदल्यात इमेजमधला ब्राउझर आणि प्लेराइटचं व्हर्जन जुळतं ठेवावं लागतं. शेअर्ड मेमरीची अडचण मात्र तिथेही सुटत नाही, ती क्रोमियमचीच आहे.

सेलेनियमच्या बाजूला आता वेबड्रायव्हर बायडाय (दुतर्फी बोलणारा वेबड्रायव्हर) येतंय. एकेका विनंतीऐवजी वेबसॉकेटची जोडणी सेशनभर उघडी राहते आणि ब्राउझर स्वतःहून कन्सोलच्या नोंदी, नेटवर्कच्या घडामोडी कळवतो. त्यामुळे वाटेतल्या प्रत्येक थराची मुदत तपासावी लागते. अनेकदा मध्यस्थ म्हणून बसवलेला एनजिनएक्स हा वेब सर्व्हर उत्तराची वाट डिफॉल्टने ६० सेकंद बघतो, तर ग्रिडच्या रांगेत नवं सेशन ३०० सेकंदांपर्यंत थांबू शकतं आणि वेबड्रायव्हरच्या प्रमाणात पान लोड व्हायची मुदतही ३०० सेकंदच आहे. इन्ग्रेसची (क्लस्टरच्या प्रवेशद्वाराची) मुदत तशीच ठेवलेल्या क्लस्टरमध्ये ६१ व्या सेकंदाला ५०४, म्हणजे मुदत संपल्याचा एरर, येतो, नोड शाबूत असतो, ब्राउझर शाबूत असतो, आणि अहवालात नाव टेस्टचं लागतं.