पागडीची खोली आणि मालकीचा फ्लॅट : गिरगावात घर घेताना

ठाकूरद्वार, फणसवाडी, मुगभाट किंवा खोताची वाडी या भागांत ‘आम्ही घर घेतले’ असे कोणी सांगितले, तर त्याचा अर्थ दोन प्रकारे लागू शकतो. एक कुटुंब सहकारी गृहनिर्माण संस्थेतला फ्लॅट नोंदणीकृत करारनाम्याने घेते आणि दुसरे कुटुंब त्याच गल्लीतल्या चाळीतली खोली पागडीने घेते. दोघांनीही आयुष्याची पुंजी मोजलेली असते, दोघेही वास्तुशांत करतात, दोघांच्याही दारावर नावाची पाटी लागते आणि बोलताना दोघेही ‘विकत घेतले’ असेच म्हणतात. वास्तविक पहिल्याने घर विकत घेतलेले असते आणि दुसऱ्याने त्या घरात भाडेकरू म्हणून राहण्याचा हक्क विकत घेतलेला असतो. हा फरक दाराबाहेरून दिसत नाही. कर्ज काढताना, खोली विकताना, घरातले वडीलधारे माणूस गेल्यावर किंवा इमारत पाडायची वेळ आल्यावर तो एकदम समोर येतो, आणि तोवर पैसे देऊन झालेले असतात.

उलट्या बाजूचा गैरसमजही तितकाच सर्रास आढळतो. पागडी म्हणजे शेवटी भाडेच, मालक मनात येईल तेव्हा बाहेर काढील, या भीतीने काही जण चांगली जागा सोडून देतात. अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर राहणारा माणूस आणि पागडीचा भाडेकरू यांची कायद्यातली जागा अगदी वेगळी आहे. भाडेकरू ठरलेले भाडे वेळेवर भरत असेल आणि कायद्यातल्या अटी मोडत नसेल, तर मालकाला त्याच्याकडून जागा सहजासहजी परत घेता येत नाही. म्हणजे पागडीचा हक्क मालकीपेक्षा बराच कमी आणि साध्या भाड्यापेक्षा बराच जास्त असा मधला आहे, आणि तो तसा का झाला हे कळले की पुढच्या बहुतेक गोष्टी उलगडतात.

१९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने बहुतेक जुन्या जागांची भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. महागाई वाढत गेली, भाडे मात्र तिथेच राहिले. मालकाला भाड्यातून काही सुटेना, म्हणून भाडेकरू बदलताना एकरकमी पैसे घेण्याची रीत रुळली, आणि तीच पागडी. त्या कायद्याखाली असे पैसे घेणे गुन्हा होता, त्यामुळे कित्येक वर्षे हा व्यवहार रोखीत आणि तोंडी चालला. आजही जुन्या खोल्यांच्या कागदपत्रांत जे खड्डे सापडतात, त्यांचे मूळ इथे आहे. भाडी अशी कायमची गोठवणे अवाजवी आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये म्हटले. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आला आणि तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याच्या कलम ५६ ने भाडेहक्क सोडण्यासाठी वा हस्तांतरित करण्यासाठी भाडेकरूने आणि त्याला संमती देण्यासाठी मालकाने मोबदला घेणे कायदेशीर केले, कलम ५५ ने भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असणे सक्तीचे केले, आणि भाड्यात वर्षाला चार टक्के वाढ करण्याची मुभा मालकाला मिळाली.

पागडीच्या खोलीचा सगळा जीव एका लहानशा कागदात असतो, तो म्हणजे भाडेपावती. आमच्या घरातल्या जुन्या पावत्या पत्र्याच्या डब्यात दोऱ्याने बांधून ठेवलेल्या आहेत. तळहाताएवढा पिवळट कागद, वर मालकाचे छापील नाव, खाली खोली क्रमांक आणि मजला, महिना, दोन आकडी रक्कम, आणि मालकातर्फे भाडे वसूल करणाऱ्या मेहताजींची निळ्या शाईतली आडवी सही. आजोबांच्या नावाच्या पावत्या ज्या महिन्यात संपतात, त्याच्या पुढच्या पावतीवर आजीचे नाव आहे. मधल्या वर्षभराच्या खटपटीची दुसरी कोणतीही खूण उरलेली नाही. फ्लॅटच्या मालकाकडे याच्या जागी नोंदणीकृत करारनामा, इंडेक्स टूचा (नोंदणी कार्यालयातल्या व्यवहाराच्या नोंदीचा) उतारा आणि संस्थेचा शेअर दाखला असतो, ज्याच्या मागच्या बाजूला आजवरच्या हस्तांतरणांच्या नोंदी एकाखाली एक केलेल्या असतात. पागडीची खोली पाहायला गेल्यावर विकणाऱ्याच्या स्वतःच्या नावाची चालू महिन्याची पावती आधी मागावी. नावात फरक असेल, तर ‘ते नंतर करून घेऊ’ या शब्दावर विसंबू नये.

विक्रीच्या वेळी फ्लॅटधारक करारनामा करतो, संस्थेला कळवतो, आणि घेणारा मुंबईत सहा टक्के मुद्रांक शुल्क व नोंदणी शुल्क भरतो. पागडीत तिसरा माणूस असतो, तो म्हणजे इमारतीचा मालक. त्याच्या संमतीशिवाय पावती बदलत नाही, आणि त्या संमतीसाठी तो व्यवहाराच्या रकमेत हिस्सा घेतो. बाजारात हा हिस्सा साधारण एक तृतीयांश धरला जातो, पण तो कायद्याने ठरवलेला नाही. प्रत्येक इमारतीची रीत वेगळी असते आणि तो विकणाऱ्याने द्यायचा की घेणाऱ्याने, यावरूनच निम्मे सौदे फिसकटतात. बँका पागडीच्या खोलीवर सहसा गृहकर्ज देत नाहीत, कारण तारण ठेवायला मालकी हक्कच नसतो. पागडीची जागा स्वस्त वाटते त्याचे हे एक मोठे कारण आहे, कारण सगळी रक्कम स्वतःजवळ असलेलाच गिऱ्हाईक होऊ शकतो.

गुंतवणूक म्हणून खोली घेऊन ठेवणाऱ्यांनी १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचे कलम १६ नीट वाचावे, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. फ्लॅट वर्षानुवर्षे कुलूपबंद ठेवला किंवा नियमाप्रमाणे भाड्याने दिला, तरी मालकीला धक्का लागत नाही. पागडीची जागा मात्र सबळ कारणाशिवाय सलग सहा महिने वापरात नसेल, तर मालकाला ती परत मागण्याचे कारण मिळते. पोटभाडेकरू ठेवला किंवा लेखी परवानगीशिवाय पक्के बांधकाम केले, तरीही तेच. असे दावे धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात वर्षानुवर्षे चालतात. मुले परदेशात स्थायिक झालेली आणि खोलीला कुलूप असलेली अशी गिरगावातली किती तरी घरे आज याच धोक्यात आहेत.

वारसाहक्काच्या बाबतीत तर लोक हमखास फसतात. फ्लॅट मृत्युपत्राने कोणालाही देता येतो. नामनिर्देशन केलेली व्यक्ती त्यामुळे मालक होत नाही, ती वारसांच्या वतीने विश्वस्त असते, एवढेच तिथे लक्षात ठेवायचे. भाडेहक्क मात्र मृत्युपत्राने देता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये जुन्या भाडे कायद्याच्या संदर्भात स्पष्ट केले. भाडेकरू गेल्यावर, त्याच्या मृत्यूच्या वेळी त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयाचा हक्क पहिला असतो आणि तसे कोणी नसेल तरच इतर वारसांचा विचार होतो. लग्न होऊन डोंबिवलीला गेलेली बहीण आणि आईबरोबर खोलीत राहिलेला भाऊ यांच्यातला वाद इथे सुरू होतो. फ्लॅटमध्ये दोघांचे हक्क समान असते. पागडीत तसे गृहीत धरता येत नाही.

मालकीच्या बाजूलाही सगळे निर्वेध असते असे नाही. फ्लॅट आपला असला, तरी खालची जमीन संस्थेच्या नावावर झालेली आहे का, हे मिळकत पत्रिकेवरच, म्हणजे जमिनीच्या सरकारी मालकी नोंदीवरच, कळते. अनेक इमारतींत ती अजून मूळ मालकाच्या किंवा विकासकाच्या नावावर असते, आणि मग मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे मालकाच्या सहीवाचून सक्षम अधिकाऱ्याकडून जमीन संस्थेच्या नावावर करून घेण्याची, वाट धरावी लागते. प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने आखलेल्या भूखंडांपैकी अनेक भाडेपट्ट्याचे आहेत, म्हणजे तिथे फ्लॅटची मालकी असूनही जमीन मुदतीवरच असते. गावदेवीतली १९१५ ची सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था ही या देशातल्या पहिल्या गृहनिर्माण संस्थांपैकी मानली जाते. चाळमालकाच्या मर्जीतून सुटून रहिवाशांनी मिळून इमारतींचे मालक व्हावे, ही कल्पना याच परिसरात रुजली, हे मला फार मोलाचे वाटते.

पुनर्विकासाच्या वेळी या दोन वाटा पुन्हा जवळ येतात. गिरगावातल्या बहुतेक चाळी उपकरप्राप्त आहेत, म्हणजे ३० सप्टेंबर १९६९ पूर्वी बांधलेल्या आणि म्हाडाच्या इमारत दुरुस्ती मंडळाचा उपकर भरणाऱ्या. त्यांचा पुनर्विकास विकास नियंत्रण नियमावलीच्या ३३(७) खाली होतो. त्यासाठी ५१ टक्के भाडेकरूंची संमती लागते, आणि प्रत्येक पात्र भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट चटईक्षेत्राचे घर मालकी हक्काने व विनामूल्य मिळते. त्यामुळेच दीडशे फुटांच्या खोलीलाही एवढा भाव येतो. मात्र १३ जून १९९६ नंतर निर्माण केलेला नवा भाडेहक्क धरला जात नाही. मधली भिंत घालून एका खोलीच्या दोन पावत्या केल्या असतील आणि ते त्या तारखेनंतरचे असेल, तर दोन घरे मिळणार नाहीत. संस्थेच्या मालकीच्या इमारतीत अशी ठरलेली किमान हमी नसते. किती वाढीव क्षेत्र मिळणार हे सभासद विकासकाशी वाटाघाटी करून ठरवतात.

इथे ‘७९ अ’ हा शब्द दोन्हीकडे ऐकू येतो आणि गोंधळ वाढतो. संस्थेच्या सभेत तो सहकारी संस्था अधिनियमाच्या कलमाखाली निघालेल्या पुनर्विकासविषयक निर्देशांना उद्देशून असतो. चाळीत मात्र तो म्हाडा अधिनियमातल्या त्या कलमासाठी वापरला जातो, ज्यात धोकादायक इमारतीच्या मालकाने सहा महिन्यांत प्रस्ताव दिला नाही, तर भाडेकरूंच्या नियोजित संस्थेला संधी मिळते. आकडा आणि अक्षर एकच असले, तरी कायदे दोन आहेत.

सर्वांत अधिक जोखीम मधल्या काळात असते. चाळ पाडलेली असते, भाडेकरू संक्रमण शिबिरात किंवा विकासकाने दिलेल्या भाड्यावर दुसरीकडे राहत असतात, आणि त्यांतला एखादा आपला हक्क विकायला काढतो. त्या वेळी पाहायला खोलीच उरलेली नसते. घेणाऱ्याने अशा वेळी दुरुस्ती मंडळाने प्रमाणित केलेल्या भाडेकरूंच्या यादीतले नाव, मालक आणि विकासक या दोघांची लेखी संमती, आणि कायमस्वरूपी पर्यायी जागेचा नोंदणीकृत करारनामा हे तिन्ही कागद स्वतः पाहावेत. त्या करारनाम्यात नवा मजला, फ्लॅटचा क्रमांक आणि चटईक्षेत्र लिहिलेले नसेल, तर विकणाऱ्याकडे अजून पागडीची जुनी पावतीच आहे असे समजून सौद्याची रक्कम ठरवावी.