‘पुश द एन्व्हलप’मध्ये टपालाचं पाकीट नाही

‘पुश द एन्व्हलप’ म्हणजे मर्यादेच्या कडेपर्यंत जाऊन ती आणखी पुढे रेटणं. पण पाकिटात कागद कोंबण्यावरून किंवा टेबलावरून पाकीट पुढे सरकवण्यावरून हा वाक्प्रचार आला, असं बरेच जण सांगतात. ते चूक आहे.

गणितात अनेक वक्ररेषांना बाहेरून स्पर्श करत जाणाऱ्या रेषेला ‘एन्व्हलप’ म्हणतात. विमानशास्त्राने हा शब्द तिथूनच उचलला. आडव्या अक्षावर वेग आणि उभ्या अक्षावर भारगुणक (पंखांवरचा भार विमानाच्या वजनाच्या किती पट आहे, तो आकडा) घेऊन आलेख काढला, की विमानाच्या सुरक्षित उड्डाणाची चौकट दिसते. तीच ‘एन्व्हलप’. डावीकडची वक्ररेषा स्टॉलची: तिच्यापलीकडे पंख पुरेशी उचल देत नाहीत. ही रेषा तिरकी चढते, कारण स्टॉलचा वेग भारगुणकाच्या वर्गमुळाने वाढतो. उंची कायम ठेवून ६० अंश कलून वळण घेतलं, तर भार दुप्पट होतो आणि स्टॉलचा वेग सुमारे ४१ टक्क्यांनी चढतो. वरची सीमा सांगाड्याच्या ताकदीची. कसरतीच्या लहान विमानांना ती सहसा +६ असते. उजवीकडे कमाल वेग. तो ओलांडला तर फ्लटर, म्हणजे पंख-शेपटीची वाढत जाणारी थरथर, विमान मोडू शकते.

चाचणी वैमानिक ही सीमा एका झेपेत गाठत नाहीत. वेग थोडा वाढवायचा, कंपनांची नोंद तपासायची, मगच पुढचा टप्पा. ‘पुश’ ते हेच.

वैमानिकांची ही बोली सर्वसामान्यांपर्यंत पोहोचवली ती मुख्यतः अमेरिकी लेखक टॉम वुल्फ यांच्या १९७९च्या ‘द राइट स्टफ’ या पुस्तकाने.