शिडाच्या नौकेवरील पवनजनित्र

शिडाच्या नौकेवर बॅटऱ्या चार्ज करण्यासाठी बसवली जाणारी छोटी पवनचक्की. दिवे, फ्रिज, ऑटोपायलट आणि रेडिओ यांना इंजिन न चालवता वीज मिळावी, एवढ्यासाठी ती असते. कल्पना जुनीच आहे. नॉर्वेचे ध्रुवसंशोधक नान्सेन यांच्या उत्तर ध्रुवीय मोहिमेत (१८९३–९६) ‘फ्राम’ जहाजाच्या डेकवर पवनचक्की उभारली होती. सूर्याचे तोंड महिनोन्‌महिने दिसत नसे, तेव्हा तिच्यावर डायनामो फिरवून विजेचे दिवे लावत.

वाऱ्यातली ऊर्जा त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. पात्यांच्या वर्तुळाचा व्यास १.१७ मीटर आणि एकूण कार्यक्षमता ३० टक्के धरली, तर १० नॉट (ताशी सुमारे १८.५ किलोमीटर) वाऱ्यात जेमतेम २७ वॅट मिळतात. १२ व्होल्टच्या बॅटरीत दोनेक अँपिअर. वारा २० नॉट झाला की तेच यंत्र आठपट, म्हणजे २१० वॅटच्या पुढे वीज देते. कॅटलॉगमधल्या ‘४०० वॅट’ला म्हणूनच भुलू नये. शिवाय पात्यांना लागतो तो नौकेवर जाणवणारा वारा. कॅनरी बेटांकडून कॅरिबियनकडे जाताना व्यापारी वारे पाठीवर असतात. वारा १६ नॉटचा आणि नौका ६ नॉटने पळत असेल, तर पात्यांना १०च नॉट मिळतात आणि वीज चौथ्या हिश्श्यावर येते. पलीकडच्या बेटांवर नांगर टाकला की तोच वारा पुरा मिळतो. हे यंत्र खरे कमावते ते नांगरावर, आणि रात्रीसुद्धा.

बसवण्याची नेहमीची जागा म्हणजे नौकेच्या पिछाडीचा खांब. पाती डेकवरच्या माणसाच्या उंचावलेल्या हातापेक्षाही वर हवीत. मिनिटाला हजार फेऱ्या होत असतील, तर वर धरलेल्या १.१७ मीटर व्यासाच्या पात्याचे टोक ताशी सुमारे २२० किलोमीटरने फिरते. यंत्र वाऱ्याप्रमाणे पूर्ण गोल वळते, त्यामुळे डोलकाठीला मागून धरणारे दोर (ताण), रडार, अँटेना यांपैकी काहीही त्या घेरात येता कामा नये. खांबाला दोन वेगळ्या दिशांनी तिरके टेकू देतात आणि डेकखाली जाड पट्टी लावून बोल्ट आवळतात. सांध्यात रबर घातले नाही, तर खांबाची थरथर डेकमधून केबिनमध्ये उतरते आणि खाली झोपलेल्याला रात्रभर घरघर ऐकावी लागते. ॲल्युमिनियममध्ये स्टेनलेस स्टीलचे बोल्ट कोरडे बसवले, तर खाऱ्या हवेत ॲल्युमिनियम खाल्ले जाते. मध्ये गंजरोधक लेप लागतोच.

वायरिंगचे सगळे तर्कशास्त्र एका गोष्टीभोवती फिरते: या जनित्राला भाराविना, म्हणजे त्याची वीज घेणारे काही जोडलेले नसताना, फिरू द्यायचे नसते. सोलर पॅनेल बॅटरीपासून तोडले तरी काही बिघडत नाही. पवनजनित्र जोराच्या वाऱ्यात तोडले, तर त्याला रोखणारे काही उरत नाही. फेऱ्या आणि व्होल्टेज दोन्ही चढतात. म्हणून बॅटरी भरल्यावर चार्जिंगवर ताबा ठेवणारे अनेक कंट्रोलर जास्तीची वीज एका मोठ्या रेझिस्टरमध्ये जिरवतात. तो चांगलाच तापतो. लाकडाला किंवा वायरच्या जुडग्याला चिकटवून बसवू नये.

थांबवण्याचा स्विचही याच नियमाने चालतो. तो आधी जनित्र बॅटरीपासून सोडवतो आणि मग त्याच्याच वायरी आपसांत जोडतो; बॅटरी मात्र कधीही शॉर्ट होता कामा नये. वायरी जोडलेल्या असताना पाते हाताने फिरवून पाहिले, तर जड लागते. सोडल्या की ते सहज फिरते. काम सुरू करण्यापूर्वी एवढी खात्री करून घ्यावी आणि पाती दोरीने बांधून ठेवावीत. वादळाची चाहूल लागली, तर वारा चढण्याआधीच या स्विचने ब्रेक लावलेला बरा.

वायर जाड घ्यावी लागते. बॅटरी १० मीटरवर असेल आणि २० अँपिअर वाहत असतील, तर १० चौ. मिमी. तांब्याच्या वायरीत जाऊन-येऊन ०.७ व्होल्ट वाया जातात, २५ चौ. मिमी.मध्ये ०.३ व्होल्टहून कमी. कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची वायर समुद्रावर जास्त टिकते. फ्यूज बॅटरीजवळ लावतात, कारण वायर कुठे घासून उघडी पडली तर जाळपोळ करणारा प्रवाह बॅटरीतूनच येतो. पण फ्यूज उडाला की भारही सुटतो, म्हणून तो वायरीच्या क्षमतेत राहून जरा सढळ आणि सावकाश वितळणारा निवडतात. लिथियम बॅटरीत हीच अडचण वेगळ्या रूपाने येते: तिची संरक्षण-यंत्रणा गरज पडल्यास बॅटरी स्वतःहून तोडते, आणि तेव्हा जनित्राला पर्यायी भार तयार नसेल तर ते मोकाट सुटते.