हाताशी ठेवा : घरातल्या मोकळ्या तासांसाठी आमच्या ग्राहकांना चार गोष्टी

नमस्कार. हे पत्रक तुमच्या पिशवीत आम्ही मुद्दाम टाकलं आहे. आमच्याकडून वाचायला पुस्तकं नेणारे, वाकळीचं म्हणजे गोधडीचं सामान नेणारे, आणि नुसतं दोऱ्याचं रीळ घ्यायला आलेलेही बरेच जण विचारतात, "हौसेनं सुरू करतो, पण पुढं होतच नाही. काय करावं?" दुकानात गर्दीत उभ्या उभ्या जेवढं सांगता येतं तेवढं सांगतो. बाकीचं इथं लिहिलं आहे.

सोलापुरात घरात बसायची वेळ उन्हानंच नेमून दिली आहे. मे महिन्यात पारा ४३-४४ वर गेला की दुपारी बारा ते साडेचार रस्ते ओस पडतात. बाहेरची कामं सकाळी उरकायची, नाहीतर दिवेलागणीनंतर. मधले तास दार लोटून, पडदा ओढून, पंख्याखाली जातात. एवढी वर्षं गिऱ्हाइकांशी बोलून आमची एकाच गोष्टीबद्दल खात्री झाली आहे. बसल्या जागेवरून हात लांब केला की पुस्तक किंवा सुई हाताला लागते, त्या घरात ती उचलली जाते. तीच वस्तू खोक्यात, खोकं कपाटात, कपाटाला कुलूप, अशी गेली की वर्षभर तिथंच राहते. माणूस तोच असतो आणि आवडही तीच असते.

हे आम्हाला आधी कळलं नव्हतं. सुरुवातीला आम्ही डबल बेडच्या चादरीवर भरतकाम करायचा संच काढला होता. कापड चांगलं, दोरे पक्क्या रंगाचे. लोकांनी हौसेनं नेला. पुरा करून दाखवायला फार थोड्या जणी आल्या. बाकीच्या भेटल्या की खाली बघून म्हणायच्या, "राहूनच गेलं हो." चूक त्यांची नव्हती, आमची होती. एवढं मोठं कापड रोज काढायचं, पसरायचं, पुन्हा घडी घालायची, यातच अर्धा तास जातो. तेव्हापासून आमच्या संचातला प्रत्येक तुकडा जेवणाच्या ताटाएवढ्या जागेत मावेल असा असतो, आणि सगळं सामान नाडीच्या कापडी पिशवीत येतं. पिशवी खुंटीला अडकवा, पलंगाच्या कठड्याला बांधा, कुठंही, पण डोळ्यांसमोर.

पुस्तकांविषयी

अनामत ३०० रुपये, महिन्याची वर्गणी ८० रुपये. एका वेळी दोन पुस्तकं, २१ दिवसांसाठी. उशीर झाला तर दंड घेत नाही. त्या पुस्तकासाठी कुणी नाव लावून ठेवलं असेल तर मात्र फोन येईल, तेव्हा वाचून झालं नसलं तरी परत करा. पुढचं नाव तुमचं लावून ठेवू.

बऱ्याच वर्षांनी वाचायला बसणाऱ्यांना आम्ही जाड कादंबरी देत नाही, मागितली तरी आधी एकदा विचारतो. दिवाळी अंक देतो. १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला आणि तेव्हापासून मराठी घरांत फराळाबरोबर अंक येऊ लागले. मोडलेली वाचनाची सवय परत लावायला अंकासारखं दुसरं साधन आम्हाला सापडलेलं नाही. एका बैठकीत एक कथा संपते. आवडली नाही तर पान उलटून पुढं जाता येतं, पुस्तक अर्धवट टाकल्याची रुखरुख लागत नाही. आमच्याकडे मागच्या काही वर्षांचे अंक नीट बांधून ठेवले आहेत. दोन-तीन महिने ते वाचा, मग कादंबरीकडे वळा.

आणि मोठ्यानं वाचा. हे आम्ही प्रत्येकाला सांगतो, कारण आपल्या गावाला ते फार शोभतं. इथं एकाच वाड्यात मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी ऐकू येते. कितीतरी घरांत आजीला मराठी समजतं पण वाचता येत नाही. साखर पेठेतल्या आमच्या एका ग्राहकाकडे नात रोज दुपारी चार पानं वाचून दाखवते आणि आजी ऐकलेलं रात्री धाकट्याला तेलुगूत सांगते. आजी सांगताना गोष्ट बदलते, नवीन माणसं घालते. नातीनं आमच्याकडे तक्रार केली. आम्ही तिला म्हटलं, आजीची गोष्ट वहीत लिहून ठेव. आता तिची दुसरी वही चालू आहे.

ज्यांचे हात कामात गुंतलेले आहेत त्यांचे कान मोकळे असतात. केरळात कण्णूरकडच्या विडी कारखान्यांत एक जण वर्तमानपत्र आणि पुस्तकं मोठ्यानं वाचायचा, बाकीचे विड्या वळत ऐकायचे, आणि वाचणाऱ्याच्या वाटच्या विड्या इतर जण वळून भरून काढायचे. आपल्या पूर्व भागात हजारो बायका घरी बसून विड्या वळतात. शाळेतून आलेल्या पोरानं सुपाजवळ बसून अर्धा तास वाचलं तर त्याचंही वाचन सुधारतं आणि आईलाही गोष्ट मिळते. विडी कामगार घरांतल्या शाळकरी मुलांकडून आम्ही वर्गणी घेत नाही. शाळेचं ओळखपत्र आणा, तेवढं पुरे.

आमची जागा लहान आहे, सगळं ठेवता येत नाही. जुने ग्रंथ, संदर्भाची पुस्तकं, अभ्यासाची निवांत जागा हवी असेल तर हिराचंद नेमचंद वाचनालयात जा. आमच्याकडे नाव आहे म्हणून तिथं घालू नये असं काही नाही, दोन्हीकडे घाला.

पुस्तकांची काळजी घेण्याबद्दल थोडक्यात. पश्चिमेच्या भिंतीला लागून फळी नको, ती भिंत संध्याकाळी तापते आणि पानं कडक होऊन तुटतात. कसर लागू नये म्हणून फळीवर वेखंडाचे तुकडे किंवा सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला ठेवा. पान फाटलं तर चिकटपट्टी लावू नका. ती काही वर्षांत पिवळी पडते आणि निघताना अक्षरं घेऊन निघते. फाटलेलं पान तसंच आत ठेवून आणा. आम्ही मैद्याची खळ आणि पातळ कागद लावून देतो, त्याचे पैसे नाहीत.

वाकळीविषयी

सर्वांत जास्त प्रश्न वाकळीबद्दल येतात, म्हणून इथं जरा सविस्तर.

पहिली वाकळ बाळाच्या दुपट्याएवढीच करा, तीन फूट बाय तीन फूट. कापड सुती आणि जुनं हवं. कोऱ्या कापडाला खळ असते, सुई अडते आणि बोटं दुखतात. वीस-पंचवीस वर्षं धुतलेल्या लुगड्याचा मऊपणा कोणत्याही नव्या कापडाला येत नाही. आजीचं इरकली लुगडं असेल तर त्याचा पदर आधी वेगळा काढा. तो रेशमी असतो, अंगाच्या कापडासारखा वागत नाही. तो वरच्या थरात मधोमध लावा, वाकळीला चेहरा येतो. लाल आणि गडद निळं कापड घेण्याआधी ओल्या पांढऱ्या फडक्यानं घासून बघा. रंग उतरला तर ते बाजूला ठेवा.

आपलं गाव गणवेश शिवणाऱ्यांचंही आहे, त्यामुळे निळ्या-खाकी कापडाच्या चिंध्या इथं मुबलक मिळतात. त्यात टेरिकॉट बरंच असतं. घाम शोषत नाही, म्हणून बाळाच्या दुपट्याला ते वापरू नका. बाजाराच्या पिशव्या मात्र त्याच्या उत्तम होतात. टॉवेलच्या कारखान्यातले काठाचे तुकडेही आम्ही किलोवर ठेवतो. दोन तुकडे एकावर एक ठेवून कडेनं शिवले की गरम भांडं धरायचं फडकं तयार होतं. शिवण शिकणाऱ्या मुलांनी तिथूनच सुरुवात करावी, अर्ध्या तासात वस्तू हातात येते.

खाली एक अख्खा तुकडा, मध्ये दोन थर, वर ठिगळं. थर जमिनीवर पसरून, सुरकुत्या काढून, आधी लांब लांब कच्चे टाके घाला. ही पायरी गाळली की मधला थर सरकतो आणि वाकळीत गाठोडं होतं, मग ते उसवण्यावाचून इलाज नाही. कच्चे टाके झाले की कडेपासून धावदोरा सुरू करा आणि चौकोनात फिरत फिरत आत या. दोरा आपल्या हाताएवढाच लांब घ्या. वेळ वाचावा म्हणून लांब घेतला की गुंततो आणि जास्त वेळ जातो. मेणावरून एकदा ओढून घ्या. मधल्या बोटात अंगुस्तान घालायचा कंटाळा करू नका, चार थरांतून सुई ढकलताना ते लागतंच. उजव्या हातानं शिवत असाल तर खिडकी डाव्या बाजूला ठेवून बसा, म्हणजे हाताची सावली टाक्यावर पडत नाही.

रोज एक फेरी. एवढंच. तीन फुटांच्या दुपट्याला कडेची पहिली फेरी सर्वांत लांब, त्यानंतरची प्रत्येक फेरी आधीच्यापेक्षा लहान. काम आत आत जातं तसं सोपं होत जातं, हे वाकळीइतकं दुसऱ्या कुठल्या शिवणकामात आम्ही पाहिलेलं नाही. जुन्या बायकांनी ही रीत का धरली असेल, ते शिवताना आपोआप समजतं.

झिजलेली सोलापुरी चादर मधल्या थराला घालू का, असं पुष्कळ जण विचारतात. दुपट्याला नको, फार जड होते, सुई मोडते. बसायच्या आसनाला चालेल.

चादरीवरचा मोर कागदावर

चादरीचा विषय निघालाच आहे तर मुलांसाठी एक काम सांगतो. आमच्या संचांपैकी आम्हाला सर्वांत जवळचा हाच.

घरातली जाकार्डची चादर घ्या आणि उलटून बघा. सुलट बाजूला जो रंग जमिनीचा, तो उलट बाजूला नक्षीचा असतो. हे मुलांना स्वतः शोधू द्या, आधी सांगू नका. मग त्यांना सांगा की मागावर ही नक्षी भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेतून येते. जिथं भोक आहे तिथला ताणा उचलला जातो, जिथं नाही तिथला खालीच राहतो, आणि पुठ्ठा बदलला की पुढची ओळ विणली जाते. फ्रान्समधल्या ल्यों शहरात जोसेफ मारी जाकार्डनं १८०४ च्या सुमारास ही युक्ती पक्की केली आणि त्याच्याच नावानं आपण आजही मागाला हाक मारतो. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे हेही सांगा. आपल्या अंथरुणावरची वस्तू कायद्यानं आपल्या गावाच्या नावाची आहे हे कळल्यावर मुलं तिच्याकडे वेगळ्या नजरेनं बघतात, हे आम्ही दुकानात कितीदा पाहिलं आहे.

आता चादरीवरचा मोर किंवा फूल चौकटीच्या कागदावर उतरवायचं. एक चौकट, एक टाका. चौकट रंगवायची किंवा कोरी सोडायची, अर्धी चालत नाही. गोल कडा पायऱ्यापायऱ्यांनी येतात. तयार झालेला नकाशा समोर ठेवून जाळीच्या कापडावर फुलीचा टाका घालायचा. संचात चौकटीच्या कागदाची २० पानं, दोन रंगांचे दोरे, बोथट टोकाची सुई आणि कापड आहे. आठ वर्षांपुढच्या मुलांना जमतं. मुलग्यांनाही द्या. या गावात विणकाम पिढ्यान् पिढ्या पुरुषांनीही केलेलं आहे, तेव्हा "हे बायकी काम" असं कुणी म्हणालं तर त्याला आपल्या मागवाल्यांची आठवण करून द्या.

क्रोशाचं सामानही आहे. साखळी, मुका खांब आणि खांब एवढे तीन टाके आले की ताटाखालचं आसन होतं. शिकायचं असेल तर शनिवारी चार वाजता दुकानाच्या मागच्या खोलीत या, फी नाही.

जे आम्ही विकत नाही

संध्याकाळी ऊन उतरल्यावर गच्चीवर पाणी मारून सतरंजी टाका आणि सगळे मिळून शेंगा फोडा. दाणे भाजा, लसूण, तिखट, जिरं, मीठ घालून उखळात कुटा. मिक्सरात चटणी होते, पण तिला तेल सुटत नाही, आणि कुटताना घरभर जो वास जातो तोही येत नाही. कडक भाकरीबरोबर ती खाताना कुणीतरी दोन पानं वाचावीत. यासाठी आमच्याकडून काही घ्यायची गरज नाही. पण कधी दुकानात आलात तर चटणीत लसूण किती घालता ते सांगून जा, प्रत्येक घराचं प्रमाण निराळं निघतं आणि आम्ही ते लिहून ठेवतो.

संक्रांतीसाठी आगाऊ सूचना

संक्रांतीला भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत दुकानात फार गर्दी होते, म्हणून आत्ताच सांगतो. हलव्याच्या दागिन्यांचं सामान मार्गशीर्षात येतं : तयार काटेरी हलवा, पांढरा दोरा, जर, पुठ्ठा. हलवा घरी करायचा असेल तर थंडीतली पहाट गाठा, मंद आचेवर पाक थेंबाथेंबानं तिळावर सोडा आणि बोटांनी फिरवत राहा. गारव्यात काटा चांगला धरतो. एका दिवसात होत नाही, तीन-चार दिवस लागतात. दागिने ओवताना मात्र दोन माणसं बसा, एकानं ओवायचं आणि दुसऱ्यानं माळ धरायची.

बाळाच्या बोरन्हाणासाठी दागिने हवे असतील तर माप आकड्यात सांगू नका. मनगटाला, गळ्याला आणि कपाळाला दोरा गुंडाळून, गाठ मारून, ते तीन दोरे एका कागदात घालून आणा. कागदावर कोणता दोरा कशाचा ते लिहायला विसरू नका.

दुकान नव्या पेठेत. सकाळी १० ते १ आणि संध्याकाळी ५ ते ९. बुधवारी बंद.